संशोधन विदेचे जतन आणि ग्रंथालये

वैज्ञानिक संशोधनाच्या ओघात जमा होणारी निरीक्षणे, मापने, प्रयोगांच्या नोंदी, छायाचित्रे, सर्वेक्षणांतील उत्तरे आणि संगणकीय गणितांची फलिते यांना एकत्रितपणे संशोधन विदा असे म्हणतात. ही विदा निवडणे, तिचे वर्णन करणे, ती सुरक्षित ठेवणे आणि पुढील अभ्यासकांना वापरता येईल अशा स्थितीत उपलब्ध करून देणे या कार्याला संशोधन विदा व्यवस्थापन असे नाव आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून या कार्याचा मोठा भाग विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या ग्रंथालयांकडे आला आहे.

संशोधन प्रकल्पाला मुदत असते. अनुदान संपते, संशोधक अन्यत्र जातात किंवा निवृत्त होतात, उपकरणे व संगणक बदलतात. विदेचे मोल मात्र पुष्कळदा प्रकल्प संपल्यानंतर काही दशकांनी, क्वचित शतकानंतरही प्रकट होते. या दोन कालमानांतील अंतर भरून काढणारी दीर्घायुषी संस्था ही ग्रंथालयाची या क्षेत्रातील मुख्य भूमिका होय.

संज्ञा

मराठीत 'डेटा' या शब्दासाठी विदा, आधारसामग्री आणि माहितीसाठा असे पर्याय वापरले जातात. प्रस्तुत लेखात विदा हा शब्द स्वीकारला आहे. एका विशिष्ट अभ्यासासाठी एकत्र केलेल्या विदेला विदासंच म्हणतात. विदासंचाविषयीची माहिती, म्हणजे नोंदी कोणी, केव्हा, कोठे, कोणत्या उपकरणाने व कोणत्या एककात घेतल्या याचे वर्णन, अधिविदा या नावाने ओळखले जाते. अनेक विदासंच जतन करून ते शोधण्याची व मिळवण्याची सोय देणाऱ्या व्यवस्थेला विदा भांडार म्हणतात.

जतनाची गरज

विदा बहुधा गाजावाजा न होता नष्ट होते. ग्रंथ जीर्ण झाला तर ते डोळ्यांना दिसते. संगणकीय धारिका मात्र वरून सुस्थितीत दिसत असूनही उघडता न येणे, किंवा उघडली तरी तिच्यातील स्तंभांचा अर्थ न कळणे, असे घडू शकते.

जुलै १९६९मध्ये अपोलो ११ मोहिमेतील चांद्रपदार्पणाचे मूळ प्रक्षेपण ज्या चुंबकीय फितींवर नोंदले गेले होते, त्या फिती पुढे सापडल्या नाहीत. अमेरिकेच्या नासा या संस्थेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, फितींच्या टंचाईच्या काळात त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष काढला. दूरचित्रवाणीसाठी रूपांतरित केलेली चित्रफीत उपलब्ध असल्याने ती घटना पाहता येते; परंतु अधिक स्पष्ट असलेली मूळ नोंद हाती राहिली नाही.

सामान्य संशोधनातही हीच स्थिती आढळते. कॅनडातील टिमथी व्हाइन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २ ते २२ वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या ५१६ जीवशास्त्रीय अभ्यासांच्या लेखकांकडे मूळ विदेची मागणी केली. २०१४ साली 'करंट बायोलॉजी' या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, लेखाचे वय एका वर्षाने वाढले की विदा अस्तित्वात असण्याची सांख्यिकीय संभाव्यता (अनुकूल व प्रतिकूल शक्यतांचे गुणोत्तर) १७ टक्क्यांनी घटते. लेखकांचे ईमेल पत्ते बंद पडणे आणि विदा कालबाह्य साधनांवर अडकून राहणे ही यामागील कारणे होती. लेखकाच्या वैयक्तिक संग्रहावर विसंबून राहणे पुरेसे नाही, हे या अभ्यासाने आकड्यांत दाखवून दिले.

पूर्वेतिहास

संगणकपूर्व काळात विदेचे जतन ग्रंथांच्या जतनाशी जोडलेले होते. वेधशाळा आपली निरीक्षणे वार्षिक खंडांच्या रूपाने छापत आणि देशोदेशींच्या संस्थांना पाठवत. तेथील ग्रंथालयांत या खंडांची नोंद होऊन ते जपले जात. विदा छापील असल्याने ती सांभाळण्यासाठी ग्रंथपालाला वेगळे कौशल्य लागत नसे, आणि प्रती अनेक ठिकाणी विखुरलेल्या असल्याने एखादी प्रत नष्ट झाली तरी नोंद टिकून राही.

जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ या काळात पार पडलेल्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने विश्व विदा केंद्रांची स्थापना झाली. शीतयुद्धाच्या त्या काळात एक केंद्र अमेरिकेत, दुसरे सोव्हिएत संघात आणि तिसरे युरोपीय देश व जपान यांच्यात विभागून, अशी रचना करण्यात आली. एकाच ठिकाणच्या आपत्तीने सर्व नोंदी नष्ट होऊ नयेत, हा त्यामागील एक हेतू होता. या केंद्रांच्या परंपरेतूनच २००८ साली विश्व विदा प्रणाली ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था आकाराला आली.

काही विद्याशाखांनी स्वतःची भांडारे उभारली. प्रथिनांच्या त्रिमितीय रचना साठवणारी प्रोटीन डेटा बँक १९७१ साली अवघ्या ७ रचनांनिशी सुरू झाली. पुढे अर्धशतकभर तिच्यात जमा झालेल्या रचनांच्या आधारे प्रथिनांच्या आकाराचे भाकीत करणारी अल्फाफोल्ड ही संगणकप्रणाली शिकवता आली. या भाकिताच्या कार्याचा २०२४च्या रसायनशास्त्रातील नोबेल पारितोषिकाने गौरव झाला.

परंतु ज्या विषयांना अशी स्वतंत्र भांडारे नव्हती, त्यांची विदा संशोधकांच्या कपाटांत आणि संगणकांतच राहिली. जर्मनीतील हॅनोव्हर येथील राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान ग्रंथालयाने २००५ पासून विदासंचांना स्थायी ओळखक्रमांक देण्यास आरंभ केला. त्या अनुभवाच्या बळावर १ डिसेंबर २००९ रोजी लंडन येथे डेटासाइट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ब्रिटिश लायब्ररी, झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाचे ग्रंथालय आणि कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी अशी ग्रंथालये तिच्या संस्थापकांत होती. जानेवारी २०११ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने प्रत्येक अनुदान-अर्जासोबत विदा व्यवस्थापन योजना जोडणे सक्तीचे केले. ही योजना कशी लिहावी, हे विचारण्यासाठी संशोधक आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे वळू लागले.

कुलाबा वेधशाळेच्या नोंदी

दीर्घकाळ जपलेली विदा कशी उपयोगी पडते, याचे ठळक उदाहरण मुंबईत आढळते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाबा येथे वेधशाळा बांधली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मापने सुरू झाली. ही मापने कर्मचारी उपकरणावरील आकडे डोळ्यांनी वाचून नोंदवत आणि ती वार्षिक खंडांत छापली जात.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमधील खगोलनिरीक्षक रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर एक तेजस्वी उद्रेक दिसला. त्यानंतर काही तासांत पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले व तारायंत्रे विस्कळीत झाली. इंग्लंडमधील वेधशाळांच्या स्वयंचलित छायाचित्रणात प्रकाशबिंदू कागदाच्या मर्यादेबाहेर गेला. कुलाब्याच्या कर्मचाऱ्यांनी मात्र वादळाच्या काळात नेहमीपेक्षा कमी अंतराने वाचने घेतली, आणि विषुववृत्ताजवळच्या प्रदेशातील त्या वादळाची सलग नोंद मागे राहिली.

या नोंदींचा नव्याने अभ्यास होण्यास १४४ वर्षे लागली. ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्ष लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात, कुलाबा येथे क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घटल्याचे दाखवले. यांपैकी लखिना आणि अ‍ॅलेक्स हे भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील संशोधक होत. आजच्या काळात तसे वादळ झाल्यास वीजजाळ्यांचे व कृत्रिम उपग्रहांचे किती नुकसान होईल, याचा अंदाज बांधताना ही नोंद विचारात घेतली जाते.

या आकड्यावर पुढे चर्चाही झाली. वादळांची तुलना साधारणतः तासाच्या सरासरीवरून केली जाते, आणि तशी सरासरी घेतल्यास १८५९ची घट सुमारे ८५० नॅनोटेस्ला एवढीच भरते, असे मत मांडले गेले. ही फेरतपासणी शक्य झाली, कारण केवळ निष्कर्ष नव्हे तर प्रत्येक वाचन त्याच्या वेळेसह उपलब्ध होते. मूळ विदा जपण्याचे प्रयोजन यावरून स्पष्ट होते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असल्याने चुंबकीय मापनांत अडथळा येण्याची शक्यता निर्माण झाली. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी १९०४ साली अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा सुरू केली. तेथील इमारतीत लोखंडाचा वापर कटाक्षाने टाळण्यात आला. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापने घेण्यात आली. त्यामुळे दोन स्थानांतील फरक कळला आणि जुनी व नवी मालिका एकमेकींना जोडता आली. १८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याची निरीक्षणे व त्यांचे विवेचन मूस यांनी १९१० साली दोन भागांत प्रसिद्ध केले. स्थलांतराची अशी काळजीपूर्वक नोंद म्हणजे आजच्या परिभाषेतील अधिविदाच होय. या मालिकेचा सांभाळ आता भारतीय भूचुंबकत्व संस्था करते, आणि मुंबईचे भूचुंबकत्वविषयक विश्व विदा केंद्रही तीच चालवते.

ग्रंथालयांची कार्ये

विदा व्यवस्थापनात ग्रंथालये पुढील कार्ये करतात. त्यांपैकी बहुतेक कार्यांची मुळे पारंपरिक ग्रंथपालनात आहेत.

नियोजन. प्रकल्प सुरू होण्यापूर्वीच कोणती विदा जमा होईल, ती कोणत्या स्वरूपात असेल, प्रकल्पानंतर कोठे ठेवली जाईल आणि तिचा खर्च कोण करील, हे ठरवावे लागते. ब्रिटनमधील डिजिटल क्युरेशन सेंटर आणि कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी यांनी अशा योजना लिहिण्यासाठी संगणकीय साधने उपलब्ध करून दिली आहेत.

वर्णन. तालिकीकरण हे ग्रंथपालाचे मूळ काम. 'ता' या शीर्षकाच्या स्तंभातील आकडे तापमानाचे की तारखेचे, सेल्सियसमधील की फॅरनहाइटमधील, आणि रिकामा चौकोन म्हणजे शून्य की मापनच झाले नाही, हे लिहून ठेवले नसेल तर काही वर्षांनी स्वतः संशोधकालाही ते सांगता येत नाही. वर्णनाशिवाय जपलेली विदा ही शीर्षकपृष्ठ व अनुक्रमणिका फाटलेल्या ग्रंथासारखी असते.

स्वरूपाची निवड. ज्याची रचना खुली व प्रसिद्ध आहे असे धारिका-स्वरूप दीर्घकाळ वाचता येते. प्रचलित कोष्टक-प्रणालींत काही जनुकांच्या लघुनामांचे आपोआप तारखांत रूपांतर होत असे, आणि ही चूक असंख्य शोधनिबंधांच्या पुरवण्यांत शिरली. अखेर २०२० साली मानवी जनुकांचे नामकरण करणाऱ्या समितीने अशी काही नावेच बदलली. याउलट खगोलशास्त्रज्ञांनी विकसित केलेले फिट्स हे स्वरूप इतके स्थिर ठरले, की व्हॅटिकन ग्रंथालयाने आपल्या हस्तलिखितांच्या अंकीकरणासाठी त्याची निवड केली.

ओळखक्रमांक. संकेतस्थळांचे पत्ते बदलतात. म्हणून प्रत्येक विदासंचाला डीओआय हा स्थायी ओळखक्रमांक दिला जातो. त्यामुळे ग्रंथाप्रमाणे विदेचाही संदर्भ देता येतो आणि ती जमवणाऱ्याला श्रेय मिळते.

प्रती आणि पडताळणी. एकाहून अधिक प्रती भिन्न ठिकाणी ठेवणे हा जतनाचा पहिला नियम मानला जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात उगम पावलेला लॉक्स हा उपक्रम याच तत्त्वावर उभा आहे. धारिकेच्या आशयावरून काढलेला पडताळा-अंक, म्हणजे चेकसम, ठरावीक काळाने पुन्हा काढून पाहिला जातो. तो जुळला नाही तर धारिकेत बिघाड झाल्याचे समजते आणि दुसऱ्या प्रतीवरून ती दुरुस्त करता येते.

निवड. सर्वच विदा कायम ठेवणे शक्य नसते आणि आवश्यकही नसते. जो प्रयोग अल्प खर्चात पुन्हा करता येतो, त्याची विदा वगळता येते. मात्र विशिष्ट दिवसाचा पाऊस, भूकंप किंवा ग्रहण यांची नोंद पुन्हा घेता येत नाही. म्हणून निरीक्षणात्मक विदेला अग्रक्रम दिला जातो.

उपलब्धता. विदा कोणाला, कोणत्या अटींवर मिळावी, याचे परवाने निश्चित करणे आणि वापरकर्त्यांना मार्गदर्शन करणे हीसुद्धा ग्रंथालयाची जबाबदारी असते. २०१६ साली मांडलेली फेअर तत्त्वे या संदर्भात मार्गदर्शक मानली जातात. विदा शोधता यावी, मिळवता यावी, अन्य विदेशी जोडता यावी आणि पुन्हा वापरता यावी, अशी ही चार तत्त्वे आहेत.

स्लोन आकाश सर्वेक्षण

ग्रंथालयांनी मोठ्या वैज्ञानिक प्रकल्पाची विदा सांभाळण्याचे एक उदाहरण म्हणजे स्लोन अंकीय आकाश सर्वेक्षण. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील २.५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने या सर्वेक्षणाची नियमित निरीक्षणे २००० साली सुरू झाली. त्याचे पहिले दोन टप्पे २००८ साली पूर्ण झाले, तेव्हा जमलेल्या विदेचा पुढील सांभाळ कोणी करावा, हा प्रश्न उभा राहिला. शिकागो विद्यापीठाचे ग्रंथालय आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची शेरिडन ग्रंथालये यांच्याकडे ठरावीक मुदतीच्या कराराने हे काम सोपवण्यात आले.

या अनुभवातून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली अशी, की विदेसोबत ती वाचणाऱ्या संगणकप्रणाली व प्रकल्पाची कागदपत्रे जपली नाहीत तर विदा अपुरी ठरते. दुसरी अशी, की एवढ्या मोठ्या संग्रहाची देखभाल ग्रंथपाल, खगोलशास्त्रज्ञ आणि संगणक अभियंते यांच्या सततच्या सहकार्याशिवाय होत नाही. शिवाय करार मुदतीचा असल्याने जतनाच्या कायमस्वरूपी निधीचा प्रश्न शिल्लक राहतो.

भारतातील स्थिती

भारत सरकारने २०१२ साली राष्ट्रीय विदा सहभाग व सुलभता धोरण जाहीर केले. त्यानुसार शासकीय निधीतून जमवलेली, गोपनीय नसलेली विदा खुली करण्यासाठी संकेतस्थळ सुरू करण्यात आले. विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१४ साली संयुक्त मुक्त प्रवेश धोरण स्वीकारले. जीवशास्त्रीय विदेसाठी फरिदाबाद येथे भारतीय जीवशास्त्रीय विदा केंद्र २०२२ साली कार्यान्वित झाले.

महाराष्ट्रात विदा जपणाऱ्या महत्त्वाच्या संस्था आहेत. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे राष्ट्रीय विदा केंद्र पुणे येथे असून देशभरातील हवामानाच्या नोंदी तेथे ठेवल्या जातात. नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तिची निरीक्षणे पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र जतन करते, आणि निरीक्षण घेणाऱ्या संशोधकाचा राखीव काळ संपल्यावर ती इतरांना खुली होतात.

विद्यापीठ ग्रंथालयांच्या पातळीवर गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा या भांडाराने पीएच.डी. प्रबंध सर्वांना उपलब्ध करून देण्याचे मोठे काम केले आहे. प्रबंध हा मात्र संशोधनाचा लिखित निष्कर्ष असतो. ज्या मूळ नोंदींवर तो आधारलेला असतो त्या परिशिष्टातील छापील तक्त्यांपुरत्याच मर्यादित असतील, तर संगणकाद्वारे त्यांचा पुन्हा वापर करणे कठीण जाते. प्रबंधाबरोबर त्याचा विदासंचही ग्रंथालयात जमा होणे हा या दिशेने पुढचा टप्पा मानता येतो.

मर्यादा आणि वादाचे मुद्दे

जतनाचा खर्च दरवर्षी होतो, तर संशोधनाचे अनुदान बहुधा तीन ते पाच वर्षांचे असते. साठवणुकीची साधने स्वस्त झाली तरी वर्णन, पडताळणी व स्वरूपांतर यांसाठी प्रशिक्षित मनुष्यबळ लागते. ते विशेषतः लहान महाविद्यालयांच्या ग्रंथालयांकडे सहसा नसते.

विषयज्ञानाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ग्रंथपाल वर्णनाची शिस्त देऊ शकतो. परंतु एखादे मापन विश्वसनीय आहे की उपकरणाच्या दोषातून आले आहे, हे त्या शाखेचा अभ्यासकच सांगू शकतो. म्हणून विशिष्ट विषयाचे भांडार उपलब्ध असल्यास विदा तेथे ठेवावी आणि उरलेल्या विदेची जबाबदारी विद्यापीठाच्या ग्रंथालयाने घ्यावी, असा सल्ला सामान्यतः दिला जातो.

सर्व विदा खुली करणे इष्ट नसते. रुग्णांची माहिती, सर्वेक्षणातील व्यक्तिगत उत्तरे किंवा दुर्मीळ वनस्पतींची नेमकी ठिकाणे उघड झाल्यास हानी होऊ शकते. भारतात २०२३ साली अंकीय व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम संमत झाला आहे. अशा प्रसंगी विदा सुरक्षित जपून तिचे केवळ वर्णन प्रसिद्ध करणे आणि पात्र अभ्यासकांना अटींवर ती पाहू देणे, असा मध्यममार्ग अवलंबला जातो.

विदा जमवणे व नीट मांडणे या श्रमांना शोधनिबंधाइतके श्रेय अद्याप मिळत नाही. अनेक संशोधक विदा देण्यास नाखूश असतात, त्यामागे हेही एक कारण आहे. स्थायी ओळखक्रमांकामुळे विदेचा स्वतंत्र उल्लेख करण्याची प्रथा वाढत आहे. तिचा विचार नेमणुका व पदोन्नती यांत व्हावा, अशी मागणी केली जाते.

हेही पाहा

ग्रंथालयशास्त्र
विदा
मुक्त प्रवेश
कुलाबा वेधशाळा
भारतीय भूचुंबकत्व संस्था
शोधगंगा